मुक्कामाचे पान : सहल-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते नीट कसे तयार करावे

नागपूरच्या प्रवास-व्यवसायाचा मोठा भाग आता जंगलावर चालतो. विमानतळावर किंवा रेल्वे स्थानकावर उतरलेला पाहुणा एक रात्र शहरात काढतो आणि दुसऱ्या दिवशी पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा किंवा त्याही पुढे कान्ह्याकडे निघतो. त्याच्या हातात आपण जो कार्यक्रम देतो, तो पूर्वी टाइप केलेला कागद असे. आज ती सहल-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधून तयार झालेली लिंक किंवा पीडीएफ असते, आणि तिच्यात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाला एक स्वतंत्र पान जोडलेले असते. जागेचे नाव, नकाशा, छायाचित्रे, खोल्या, जेवण, नियम असे सगळे त्या पानावर येते. सॉफ्टवेअर कोणतेही घेतले, तरी पान एकदा संग्रहात तयार करून ठेवायचे आणि दरवेळी नव्या सहलीत ओढून घ्यायचे, अशीच व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळे पानातली चूक एका पाहुण्यापुरती राहत नाही. ते पान ज्या ज्या सहलीत जाते, तिथे तीही जाते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाचा मुक्काम मोहर्लीला होता आणि सफारीचे आरक्षण कोलारा गेटचे होते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर होत्या, पण मी तयार केलेल्या मुक्कामाच्या पानावर फक्त ‘ताडोबा जंगलाजवळ’ एवढेच लिहिलेले होते, आणि तेवढ्यावर विसंबून आमच्याच कार्यालयातील सहकाऱ्याने त्या मुक्कामाला कोलाऱ्याची सफारी जोडली होती. पहाटे साडेचारला चालकाचा फोन आला : ‘साहेब, आपण तं मोहर्लीत आहोत, अन् परवाना कोलाऱ्याचा दिसून राहिला.’ मोहर्ली ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या चंद्रपूरकडच्या बाजूला आणि कोलारा चिमूरकडच्या बाजूला आहे. जंगलातून आरपार जाता येत नाही आणि बाहेरून मोठा वळसा पडतो. गाडी पोहोचेपर्यंत सफारीची वेळ निघून गेली. सोबतचे आजोबा पहिल्यांदाच वाघ पाहायला आले होते. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत गेटचे नाव असते, आणि या लेखातील बाकीच्या सूचनाही कमी-अधिक प्रमाणात त्याच पहाटेतून आलेल्या आहेत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

नवे पान तयार करण्यापूर्वी त्या जागेचे पान संग्रहात आधीच आहे का, हे तपासावे. केवळ नावाने शोधू नये. एकाच रिसॉर्टचे नाव कोणी ‘जंगल कॅम्प’ लावून लिहितो, कोणी गावाचे नाव पुढे जोडतो, कोणी इंग्रजी नाव देवनागरीत वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने उतरवतो. फोन क्रमांकाने किंवा नकाशावरच्या बिंदूने शोधले, तर दुहेरी नोंद लगेच सापडते. दोन पाने राहिली की एक दुरुस्त होते, दुसरे जुनेच राहते, आणि घाईच्या दिवशी नेमके जुनेच सहलीत ओढले जाते.

त्यानंतर मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोलून माहिती स्वतः घ्यावी. आरक्षणाच्या संकेतस्थळांवरील मजकूर उचलून चिकटवण्याचा मोह होतो, पण तो मजकूर बहुधा जागा सुरू झाली तेव्हाचा असतो, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचाही असतो. फोनवर विचारायचे प्रश्न लिहून ठेवावेत. ‘सुविधा काय काय आहेत?’ असे विचारले की ‘सगळं आहे’ असे उत्तर मिळते. ‘मे महिन्यात दुपारी दोन वाजता वीज गेली, तर एसी कशावर चालतो?’ असे विचारले की खरी परिस्थिती कळते.

नाव, पत्ता आणि नकाशावरचा बिंदू

नावाच्या रकान्यात फाटकावरच्या पाटीवर आहे तेच नाव लिहावे. रात्री अंधारात चालक तीच पाटी शोधणार असतो. नोंदणीकृत कंपनीचे नाव वेगळे असेल, तर ते फक्त अंतर्गत टिपणाच्या रकान्यात ठेवावे.

नकाशाचा बिंदू हा या पानाचा सर्वांत नाजूक भाग आहे. पत्ता लिहिला की बहुतेक सॉफ्टवेअर बिंदू आपोआप टाकते, आणि ग्रामीण पत्त्याच्या बाबतीत तो पुष्कळदा गावाच्या मध्यावर जाऊन पडतो. शहरात धरमपेठ किंवा रामदासपेठेतील हॉटेलच्या बाबतीत शंभर मीटरचा फरक चालून जातो. जंगलालगतच्या होमस्टेच्या बाबतीत तोच फरक नाल्याच्या पलीकडचा असू शकतो. म्हणून अक्षांश-रेखांश हाताने भरावेत. जो कोणी त्या जागी जाईल, त्याने फाटकासमोर उभे राहून मोबाइलवर बिंदू धरावा आणि आकडे पाठवावेत. दशांशानंतर चार आकडे असले, तर बिंदू साधारण अकरा मीटरच्या आत येतो. दोनच आकडे असले, तर चूक किलोमीटरभराची होऊ शकते.

आकड्यांचा क्रमही पाहावा. बहुतेक नकाशे आधी अक्षांश आणि मग रेखांश मागतात, परंतु माहितीची आयात करण्याच्या काही फाइलींमध्ये क्रम उलटा असतो. नागपूर साधारण २१.१५ उत्तर आणि ७९.०९ पूर्व येथे आहे. हेच आकडे उलटे भरले, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार द्वीपसमूहाच्या परिसरात जाऊन पडतो, आणि सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता तो जतन करते. म्हणून आकडे भरल्यावर नकाशा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बिंदू बरोबर असला, तरी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा रस्ता शब्दांत लिहावाच. जंगलाच्या कडेला मोबाइलचे नेटवर्क जाते आणि नकाशा थांबतो. ‘खवासा सोडल्यावर टुरियाच्या रस्त्याला वळा, शाळेनंतरचा डावीकडचा कच्चा रस्ता घ्या, पांढऱ्या फाटकाशी थांबा’ अशा दोन-तीन ओळी चालकाला पुरतात. अंतर किलोमीटरमध्ये द्यावे, पण वेळ त्याहून ठळक द्यावा, आणि तो वेळ प्रत्यक्ष गाडीने लागलेला असावा. समृद्धी महामार्गावरून येणारा पाहुणा सरळ वेगाचे गणित मनात घेऊन येतो. चिमूर-कोलारा रस्त्यावर ते लागू पडत नाही, हे त्याला आधीच कळलेले बरे.

वर्णन कसे लिहावे

हा रकाना सर्वांत जास्त बिघडवला जातो. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले, मनाला भुरळ घालणारे, घरगुती आदरातिथ्याचा अविस्मरणीय अनुभव देणारे’ असे वाक्य कोणत्याही रिसॉर्टला लावता येते आणि म्हणूनच ते कोणाबद्दलच काही सांगत नाही. वाचणारा पाहुणा घरी बसून एवढेच ठरवत असतो, की आईला तिथे पायऱ्या चढाव्या लागतील का, मुलांना कुठे खेळता येईल, आणि पहाटे किती वाजता उठावे लागेल. त्याला उत्तर देणारे वर्णन असे असते :

‘खुर्सापार गेटपासून गाडीने पंधरा मिनिटांवर, शेताच्या मधोमध असलेला नऊ खोल्यांचा होमस्टे. सफारीसाठी खुर्सापार गेट सोयीचे. मध्य प्रदेशातील टुरिया गेटची सफारी घ्यायची असल्यास वेगळा परवाना काढावा लागतो आणि निघायला अधिक वेळ ठेवावा लागतो. सर्व खोल्या तळमजल्यावर असून दाराशी एकच पायरी आहे. चार खोल्यांत एसी, पाच खोल्यांत कूलर. मोबाइलचे नेटवर्क अंगणात मिळते, खोलीत मिळत नाही. तरणतलाव नाही.’

शेवटचे दोन शब्द कित्येक मालकांना खटकतात. ‘नाही’ हा शब्द पानावर नको, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांना मी एवढेच सांगतो, की हे वाचून जो पाहुणा येणार नाही, तो आला असता तर नाराज होऊन गेला असता. जे नाही ते स्पष्ट लिहिलेल्या पानांवरून आलेल्या पाहुण्यांच्या तक्रारी आमच्याकडे जवळजवळ येतच नाहीत.

पेंचच्या बाबतीत राज्याचे नाव लिहायला विसरू नये. सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार ही गेटे महाराष्ट्रात आहेत. टुरिया, कर्माझिरी आणि जमतारा मध्य प्रदेशात. दोन्हीकडची आरक्षणाची संकेतस्थळे वेगळी, शुल्क वेगळे, नियमही वेगळे. बाहेरगावच्या माणसाला ‘पेंच’ हे एकच जंगल वाटते.

खोल्या, वीज आणि पाणी

प्रत्येक प्रकारच्या खोलीची नोंद वेगळी करावी : किती खोल्या, पलंग जोडलेले की सुटे, जादा गादी टाकता येते का, न्हाणीघर आत आहे का. यात विदर्भापुरती एक बाब सर्वांत वर ठेवावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते, आणि वाघ दिसण्याची शक्यता जास्त म्हणून पाहुणे नेमके एप्रिल-मे महिन्यांतच येतात. इथल्या माणसाला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पुरतो. किनाऱ्यावरून आलेल्या माणसाने ‘वातानुकूलित’ शब्द वाचून मनात एसी धरलेला असतो. तेव्हा ‘एअर कूल्ड’ हा फसवा शब्द टाळून सरळ ‘कूलर’ लिहावे. जनरेटर आहे का, तो किती वाजेपर्यंत चालतो, त्यावर एसी चालतो की केवळ पंखे आणि दिवे, हेही लिहावे. हिवाळ्यासाठी गरम पाण्याची वेळ लिहावी, कारण डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत बसायचे असते आणि सौर बंबाचे पाणी त्या वेळी कोमट झालेले असते.

खोलीत येण्याची आणि खोली सोडण्याची वेळ सफारीशी जुळवून तपासावी. सकाळच्या सफारीहून पाहुणा दहा-साडेदहाला परततो. खोली दहालाच सोडायची असेल, तर सामान आदल्या रात्री बांधून ठेवायला हवे, आणि ही सूचना पानावर नसेल तर त्याला ती कुठूनच मिळणार नाही.

जेवण

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जेवणाच्या योजना आद्याक्षरांनी येतात : ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. ही अक्षरे आपल्या धंद्यातील माणसांना कळतात, पाहुण्यांना नाही. रकान्यात अक्षरे निवडली, तरी मजकुरात ‘नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरलेले आहे, दुपारचे नाही’ असे लिहावे. ‘जंगल प्लॅन’ या शब्दात काही ठिकाणी सफारीचे शुल्क धरलेले असते, काही ठिकाणी फक्त न्याहारीचा डबा. म्हणून हा शब्द उलगडल्याशिवाय पानावर ठेवू नये.

पदार्थांच्या नावांकडे थोडे थांबून पाहावे, असे मला वाटते. आमच्या एका पानावर होमस्टेच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ‘खास पदार्थ : सांभारवडी’ असे लिहिले होते. नागपुरात सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि सांभारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली पुडाची वडी. मुंबईच्या पाहुण्यांनी ते सांबार-वडा असे वाचले आणि दाक्षिणात्य नाश्त्याची वाट पाहिली. आता आम्ही नाव तेच ठेवतो आणि पुढे अर्ध्या ओळीचे स्पष्टीकरण जोडतो. सावजी रश्शाच्या बाबतीतही तेच : तिखटपणा आधी सांगावा आणि कमी तिखट करून मिळते का, ते विचारून लिहावे. जैन जेवण, कांदा-लसणाशिवायचे जेवण आणि उपवासाचे पदार्थ मिळतात का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे गृहीत धरू नये.

छायाचित्रे

मालकाने व्हॉट्सअॅपवर साधी पाठवलेली छायाचित्रे दाबली जाऊन धूसर होतात. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावीत. आडवी छायाचित्रे निवडावीत, रुंदी सोळाशे पिक्सेलच्या आसपास ठेवावी आणि प्रत्येक फाइल काही शे केबीच्या आत आणावी, म्हणजे नेटवर्क कमी असलेल्या ठिकाणीही पान उघडते. सहा ते आठ छायाचित्रे पुरेशी होतात. पहिले छायाचित्र फाटकाचे किंवा दर्शनी भागाचे असावे, त्यानंतर प्रत्येक प्रकारची खोली, न्हाणीघर, जेवणाची जागा. वाघाचे छायाचित्र मुक्कामाच्या पानावर टाकू नये. ते मुक्कामातून दिसणारे नसते आणि पाहुण्याच्या मनात नसती अपेक्षा तयार करते. वापरण्याची परवानगी मालकाकडून लेखी घ्यावी, एका ओळीचा ईमेलही चालतो. पर्यायी मजकुराच्या रकान्यात चित्रात काय आहे ते लिहावे, कारण दृष्टिहीन वाचकाला तोच ऐकू येतो आणि चित्र न उघडल्यास इतरांनाही तोच दिसतो.

मराठी मजकुराची विशेष काळजी

पान मराठीत करणार असाल, तर मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकावर व्यवस्थित दिसतो आणि सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताच निरर्थक चिन्हे होतो. तो आधी परिवर्तकातून काढून घ्यावा आणि नंतर एकदा शब्द न् शब्द वाचावा. दुसरी अडचण पीडीएफमध्ये येते. पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर काही सॉफ्टवेअरच्या पीडीएफमध्ये तुटतो : जोडाक्षरे सुटी होतात, पाय मोडलेला दिसतो आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. चाचणीसाठी मी ‘कऱ्हांडला’, ‘चंद्रपूर जिल्हा’, ‘व्याघ्र प्रकल्प’ आणि ‘स्थानिक मार्गदर्शक’ हे शब्द एका रिकाम्या पानावर लिहून त्याची पीडीएफ काढतो. हे शब्द शाबूत आले, तर बाकीचे येतात. न आल्यास साच्याच्या मांडणीत देवनागरीसाठी केलेला फाँट निवडून पाहावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफऐवजी लिंक पाठवावी.

बंद दिवस, गर्दीचे दिवस आणि दर

जंगलालगतच्या मुक्कामाच्या पानावर जंगल बंद असण्याचे दिवस हवेतच. ताडोबा मंगळवारी बंद असते. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी नसते. मुख्य क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहते, त्या काळात बफरमधील, म्हणजे मुख्य क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातील, काही गेटांवर फिरता येते. हे दिवस वनविभागाच्या सूचनेनुसार बदलू शकतात, म्हणून त्यांच्याशेजारी तपासल्याची तारीख लिहावी.

शहरातील हॉटेलांच्या पानावर वेगळे दिवस लागतात. विजयादशमीच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. या दोन्ही काळांत सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स आणि वर्धा रोडवरच्या खोल्या लवकर संपतात. जंगलाच्या वाटेवरचा एका रात्रीचा मुक्काम सहज मिळेल असे समजून सहल आखणाऱ्याला ही ओळ सावध करते. पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेले ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. तिकडच्या मुक्कामाच्या पानावर अमावास्येच्या आसपासच्या रात्री आकाशदर्शनाला चांगल्या, अशी नोंद अवश्य ठेवावी.

दर मात्र वर्णनात लिहू नये. ते दरपत्रकाच्या रकान्यात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे लिहून ठेवावेत. कर वेगळा दाखवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याहून महाग खोलीवर तो १८ टक्केच राहिला. ज्यांनी वर्णनात ‘करासह’ एकच आकडा लिहून ठेवला होता, त्यांना त्या आठवड्यात प्रत्येक पान उघडून दुरुस्त करावे लागले.

मूळ पान आणि सहलीतली प्रत

आपले सॉफ्टवेअर मूळ पान बदलल्यावर जुन्या सहलीतील प्रत बदलते की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. एक खोटी सहल तयार करावी, तिच्यात पान ओढावे, मग संग्रहातील मूळ पानात फोन क्रमांकाचा एक आकडा बदलावा आणि सहल पुन्हा उघडून पाहावी. प्रत आपोआप बदलत नसेल, तर पुढच्या पंधरा दिवसांत निघणाऱ्या सहलींची यादी काढून त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. एका पाहुण्यापुरती असलेली सूचना, उदाहरणार्थ ‘आजींसाठी कमोड असलेली खोली राखून ठेवली आहे’, ही कायम प्रतीतच लिहावी. ती चुकून मूळ पानात गेली, की पुढच्या प्रत्येक पाहुण्याला दिसते आणि त्यात एका कुटुंबाची खाजगी बाब उघडी पडते.

पान पूर्ण झाल्यावर ते कार्यालयातील संगणकावर नव्हे, तर मोबाइलवर उघडून पाहावे, आणि तेही ज्याने ते तयार केलेले नाही अशा माणसाने. आमच्याकडे हे काम चालक करतात. ते पहिली ओळ वाचून गेटचे नाव सांगतात, नकाशाचा बिंदू उघडतात, आणि रस्त्याच्या दोन-तीन ओळी त्यांना पटल्या तरच पान संग्रहात ‘तयार’ म्हणून लागते. त्यानंतर पानाच्या अंतर्गत रकान्यात तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख पडते. ज्या पानाची तारीख मागच्या हंगामातील आहे, ते सहलीत घेण्याआधी मालकाला फोन करावा लागतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे जंगल उघडण्याच्या आधीचे सात दिवस, आम्ही या फोनांसाठीच मोकळे ठेवतो.